पाणी डावीकडे ठेवून: भंडारदऱ्याचा काठरस्ता

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी धारेला टेकलेल्या भंडारदरा जलाशयाभोवती जो गाडीरस्ता फिरतो, तो सायकलस्वारांना प्रिय आहे तो त्याच्या शांततेमुळे, आणि ही शांतता योगायोगाने टिकलेली नसून तिच्यामागे भूगोलाचे एक साधे कारण आहे, ते म्हणजे हा रस्ता पुढे कुठेच जात नाही. मुंबई-नाशिकची वाहतूक कसारा घाटातून चढते-उतरते, कल्याणहून नगरकडे जाणारी माळशेज घाटाचा आधार घेते, आणि या दोन घाटांच्या मधल्या पट्ट्यात घाटघरपाशी पठार एकाएकी तुटते. तिथून खाली कोकणात उतरतात त्या जुन्या पाऊलवाटा. त्यामुळे कोल्हार-घोटी राज्यमार्ग सोडून शेंडी गावातून काठाच्या रस्त्याला लागले की समोरून येते ती एसटी, दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल, नाहीतर गुरे, म्हणजे त्याच खोऱ्यातली, त्याच खोऱ्यात कामाला निघालेली वाहतूक. रस्ता शांत ठरण्यासाठी वाहनांची संख्या कमी असणे पुरत नाही, त्यांचा वेगही कमी असावा लागतो, आणि इथे वळणे व अरुंदपणा मिळून तो आपोआप कमी राहतो.

या रस्त्याला आजचा आकार दिला तो धरणाने. प्रवरा नदी रतनगडाच्या डोंगरात उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन गोदावरीला मिळते. तिच्या वरच्या खोऱ्यात शेंडीजवळ दगडी बांधकामाचे धरण बांधण्याचे काम १९१० साली सुरू झाले आणि डिसेंबर १९२६ मध्ये मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, म्हणून ते विल्सन धरण म्हणून ओळखले जाऊ लागले. सुमारे ८२ मीटर उंचीच्या या भिंतीमागे ११ टीएमसी पाणी साठते (टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), आणि ते कालव्यांनी खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या शेतांकडे जाते. प्रवरेच्या खालच्या खोऱ्यातली ऊसशेती आणि तिच्यावर उभे राहिलेले सहकारी साखर कारखाने यांची पाळेमुळे या पाण्यात आहेत. ज्या खोऱ्याने आपल्या सपाट जमिनी पाण्याखाली दिल्या, तिथली महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावे मात्र आजही उतारावरच्या खाचरांत भात आणि वरकस जमिनीत नागली-वरई पिकवतात, ही गोष्ट काठाने सायकल चालवताना डोळ्याआड करता येत नाही, आणि करूही नये.

धरणाचे पाणी मूळ नदीच्या पात्रापुरते राहत नाही. ते प्रत्येक ओहोळाच्या घळीत आत शिरते आणि जलाशयाचा काठ हाताची बोटे फाकवल्यासारखा दंतुर होतो. पाण्याच्या सर्वोच्च पातळीच्या वरून जाणारा रस्ता अशा प्रत्येक घळीपाशी डोंगराच्या पोटात वळतो, घळीच्या माथ्याशी मोरीवरून किंवा फरशीवरून ओहोळ ओलांडतो आणि समोरच्या अंगाने पुन्हा पाण्याकडे येतो. फरशी म्हणजे पावसाळ्यात वरून पाणी वाहू देणारा ठेंगणा, सपाट पूल. पलीकडच्या काठावरचे घर अगदी हाकेच्या अंतरावर दिसत असते आणि तिथे पोहोचायला मात्र दीड-दोन किलोमीटर फिरून यावे लागते. एरवी त्रासाचा वाटणारा हा वळसाच सायकलस्वाराला हवा असतो. घळीच्या आतल्या बाजूला वारा थांबतो, हवा गार होते, फरशीच्या कडेला शेवाळाचा हिरवा पट्टा आणि पुराने आणून टाकलेली बारीक खडी असते, आणि या खडीवर पुढचे चाक वळवताना ब्रेक दाबणे घातक असल्यामुळे वेग फरशीच्या आधीच, सरळ रस्त्यावर असतानाच कमी करावा लागतो.

संपूर्ण फेरा, वाटेत कुठे आत शिरावे यावर अवलंबून, चाळीस ते पन्नास किलोमीटरांचा होतो. शेंडीहून उत्तर काठाने मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघर, तिथून दक्षिणेला साम्रद, मग रतनवाडी आणि दक्षिण काठाने कोलटेंभे, मुतखेलवरून पुन्हा धरणाकडे, असा क्रम ठेवणे अधिक सोयीचे. देवळातल्या प्रदक्षिणेच्या हा उलट आहे, पण त्याला दोन सबळ कारणे आहेत. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालत असल्यामुळे पाणी सतत सायकलस्वाराच्या बाजूला राहते आणि काठाशी थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही. दुसरे कारण वाऱ्याचे आहे, कारण हिवाळ्यात सकाळी वारा बहुधा पडलेला असतो आणि दुपारनंतर कोकणातून कडा चढून येणारा पश्चिमेचा वारा सुटतो, म्हणजे पश्चिमेकडे जाणारा अर्धा भाग सकाळी उरकला की परतीच्या वाटेवर तोच वारा पाठीशी येतो.

चढ एकेकटे पाहिले तर मोठे नाहीत, पण ते संपतही नाहीत. चढाची तीव्रता शेकड्यात मोजतात. १०० मीटर पुढे जाताना ५ मीटर उंची वाढली तर तो ५ टक्क्यांचा चढ. प्रत्येक घळीत उतरून पुन्हा चढायचे असल्यामुळे इथे गिअर वारंवार बदलावे लागतात आणि हलका गिअर असलेली सायकलच उपयोगी पडते. पुढच्या दातेरी चक्राला ३४ आणि मागच्यालाही ३४ दाते असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होतो व सायकल सुमारे २.१ मीटर पुढे जाते. पुढे ५० आणि मागे ११ दाते असतील तर तीच सायकल एका फेऱ्यात साडेनऊ मीटर जाते, पण चढावर तो गिअर गुडघ्यांना पेलत नाही. शेंडी सोडल्यावर दुरुस्तीचे दुकान मिळेल असे गृहीत न धरता सुटी ट्यूब, पंप आणि पान्यांचा संच जवळ ठेवावा.

घाटघरच्या कोकणकड्यावरून खाली शहापूरच्या अंगाचा प्रदेश दिसतो. इथेच २५० मेगावॉट क्षमतेचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. उदंचन म्हणजे विजेची मागणी जास्त असताना वरच्या तलावातले पाणी खाली सोडून वीज निर्माण करणे आणि मागणी ओसरली की तेच पाणी पंपांनी पुन्हा वर चढवणे. साम्रदपाशी सांदण दरी ही अरुंद, खोल घळ आहे. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरासाठी मात्र सायकल बाजूला लावून सावकाश वेळ द्यावा, कारण शिलाहारकालीन मानल्या जाणाऱ्या या मंदिराच्या शिखरावरची दगडातली जाळी जवळ जाऊनच कळते, आणि बाजूची पुष्करणी तिच्या भिंतीतल्या देवकोष्ठांसह, म्हणजे मूर्ती ठेवण्यासाठी कोरलेल्या कोनाड्यांसह, फारशी मोडतोड न होता उभी आहे. घाईघाईत एक छायाचित्र काढून पुढे निघणारे पर्यटक या जागेवर अन्यायच करतात.

जुलै-ऑगस्टमध्ये हे खोरे जिल्ह्यातला सर्वाधिक पाऊस घेते, फरश्या पाण्याखाली जातात आणि शनिवार-रविवारी धबधबे पाहायला गाड्यांची रीघ लागते. त्या दिवसांत या रस्त्यावर शांतता शोधू नये. खरा हंगाम ऑक्टोबरपासून पुढचा. जलाशय काठोकाठ असतो, खुरासणीची शेते पिवळी झालेली असतात आणि नोव्हेंबरात भातकापणी सुरू होते. खळ्याला सपाट जागा कमी असल्यामुळे काही ठिकाणी धान्य थेट डांबरावर वाळत घातलेले असते. तिथे सायकलवरून उतरून कडेने चालत जाणे हे तर सौजन्याचे आहेच, पण पेंढ्याची एखादी काडी मागच्या गिअरच्या यंत्रणेत अडकली की साखळी तिथेच अडते, म्हणून ते शहाणपणाचेही आहे. उन्हाळ्यात शेतांच्या कोपऱ्यांत राब भाजल्याचे काळे चौकोन दिसतात. राब म्हणजे शेण, पालापाचोळा आणि फांद्या पसरून जमीन भाजणे. भाताची रोपे पुढे याच जागी तयार होतात.

मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या आरंभी हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे चमकतात. काजव्याचा प्रकाश हा नर-मादीमधला संकेत असतो, आणि मोटारींच्या दिव्यांनी तो बुजतो. हे सारे क्षेत्र कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येत असूनही या पंधरवड्यात रात्री गाड्यांची इतकी गर्दी होते की वन विभागाला वाहनांवर वेळेचे निर्बंध घालावे लागले आहेत. सायकलला आवाज नसला तरी तिचा पुढचा दिवा हल्ली चांगलाच प्रखर असतो, तेव्हा या दिवसांत अंधार पडल्यावर सायकलस्वारांनीही हा रस्ता सोडून द्यावा, हेच योग्य.

रस्ता सुधारण्याची मागणी निघते तेव्हा ‘चांगला रस्ता’ आणि ‘रुंद रस्ता’ यांची गल्लत होते. गावांना चांगला पृष्ठभाग हवा आहे आणि तो त्यांचा हक्क आहे, कारण आजारी माणसाला राजूरच्या दवाखान्यात नेताना खड्ड्यांचा प्रत्येक किलोमीटर जिवावर येतो, आणि मोऱ्या खचल्या की एसटी बंद पडते. परंतु त्यासाठी दुपदरीकरणाची गरज नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार एकपदरी रस्त्याची रुंदी ३.७५ मीटर आणि दुपदरीची ७ मीटर असते. ३.७५ मीटरचे पक्के डांबर, दोन्ही अंगांना बसकी, मुरमाची साइडपट्टी, वळणांवर एकमेकांना वाट देण्यापुरत्या रुंद जागा आणि पुरात न बुडणाऱ्या मोऱ्या एवढे मिळाले तर एसटी वेळेवर धावते आणि वेगाने जाण्याचा मोहही कुणाला होत नाही. ७ मीटर रुंदीसाठी डोंगराची बाजू तोडावी लागेल, काठाची झाडे जातील, आणि येणारा जास्तीचा वेग या खोऱ्यातल्या माणसांचा नसेल, तो आठवडाअखेरच्या मोटारींचा असेल. साम्रद आणि रतनवाडी यांच्यामधल्या, दोन्हीकडून रान जवळ येणाऱ्या तुकड्यावर तर ३.७५ मीटरही पुष्कळ झाले.