फी न वाढविणारे विद्यापीठ

फी वाढल्याची सूचना मुलांच्या हाती घरी पाठविण्याचा प्रसंग आला, म्हणजे आम्हां शिक्षकांची स्थिती मोठी अवघड होते. सूचना दप्तरातून निमूटपणे घरी जाते, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी पालक गाठतात. “सर, वाढ करावयाची तर करा, पण ती कशापायी, एवढे तरी सांगाल?” कागद महागला, वीज महागली, पगार वाढले, असे आम्ही सांगतो. हे उत्तर खोटे नसते. पण ते पुरेसेही नसते, आणि ही गोष्ट विचारणाऱ्यास व सांगणाऱ्यास सारखीच ठाऊक असते. याच कारणास्तव, हा प्रश्न स्वतःच स्वतःस विचारणाऱ्या एका विद्यापीठाची हकीकत पालकवर्गापुढे व वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांपुढे मांडावी, असे आम्हांस वाटले.

हे विद्यापीठ म्हणजे अमेरिकेतील इंडियाना संस्थानातले पर्ड्यू विद्यापीठ होय. त्याची स्थापना १८६९ साली झाली. जॉन पर्ड्यू नावाच्या व्यापाऱ्याने दिलेल्या देणगीवरून त्यास हे नाव मिळाले. आणि शेतकरी-कामकऱ्यांच्या मुलांस शेतकी व यंत्रविद्येचे शिक्षण सुलभ व्हावे, म्हणून तेथील सरकारने १८६२ च्या कायद्याने ज्या संस्थांस जमिनी दिल्या, त्यांपैकी ते एक. अभियांत्रिकीकडे डोळा असलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस हे नाव अपरिचित नसेल.

अशा संस्थेतही तीन दशकांहून अधिक काळ फी दरसाल वाढतच गेली होती. २०१३ च्या जानेवारीत मिच डॅनियल्स हे गृहस्थ अध्यक्ष झाले. ते पूर्वी त्याच संस्थानचे राज्यपाल होते, प्राध्यापक नव्हते. त्यामुळे त्यांची नेमणूक पुष्कळांस रुचली नव्हती. त्यांनी येताच फी गोठविली. इंडियानातील विद्यार्थ्यास तेव्हा वर्षास दहा हजार डॉलरांहून किंचित कमी पडत असे. दहा वर्षांनंतर, २०२२ अखेर ते पायउतार झाले तेव्हाही, आकडा तोच होता. मध्यंतरी डॉलरची किंमत उतरली हे ध्यानी घेतले, म्हणजे फी नुसती स्थिर राहिली नाही, तर वस्तुतः कमी झाली, असेच म्हणावे लागते.

हे साधले कसे? आरंभ अगदी घरगुती होता. विद्यापीठाच्या मालकीच्या काही मोटारी विकून टाकल्या; नवे टेबल-खुर्च्या घेण्याऐवजी अडगळीतील जुनेच सामान पुन्हा वापरात आणले. भोजनगृहाचा दर वाढविण्याऐवजी उतरविला. २०१४ साली ॲमेझॉन कंपनीशी करार करून पाठ्यपुस्तके स्वस्तात मिळण्याची सोय केली. अध्यक्षांनी स्वतःच्या वेतनाचा एक भाग, ठरविलेली उद्दिष्टे पार पडली तरच घ्यावयाचा, अशी अट मान्य केली होती. मुख्य म्हणजे हिशेब मांडण्याची दिशाच उलटी केली. संस्था एरवी आधी खर्च ठरवितात व मागाहून तो विद्यार्थ्यांवर वाटून देतात; येथे फी आधी ठरली, आणि खर्चाने तिच्या मापात बसावे, असा दंडक घातला गेला. संसार करणाऱ्या कोणाही गृहिणीस यात नवल वाटणार नाही. नवल हे की, विद्वानांच्या संस्थेस ते सुचावयास इतकी वर्षे लागली.

येथवर वाचून पालक म्हणतील, “मग आपल्याकडेही असेच का होऊ नये?” परंतु थोडे थांबावे.

विद्यालयाचा खर्च वाढतो तो केवळ उधळपट्टीमुळे नव्हे. विल्यम बॉमोल नामक अर्थशास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकात एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली. गिरणीतील मजूर आज शंभर वर्षांपूर्वीच्या कितीतरी पट कापड काढतो. पण चौघा वादकांनी वाजवावयाची एखादी जुनी रचना वाजविण्यास आजही चौघेच लागतात, आणि वेळही तितकाच लागतो. वादकांस मात्र जगण्यापुरते वेतन वाढवून द्यावेच लागते, नाही तर ते वादन सोडून गिरणीत जातील. शिक्षकाचे तेच आहे. चाळीस निबंध लक्षपूर्वक तपासावयास आम्हांस आमच्या गुरुजींइतक्याच रात्री लागतात. (चष्मा तेवढा त्यांच्याहून आम्हांस लवकर लागला.) मोटारी एकदाच विकता येतात. त्या विकून झाल्यावर हिशेबनीसाची नजर सावकाश या चाळीस वह्यांकडे वळते. आणि खरा धोका तेथे आहे.

पर्ड्यूतही हे सर्वस्वी टळले असे नाही. सेवकवर्गाच्या आरोग्यविम्याची व्यवस्था बदलली: महिन्याचा हप्ता हलका, परंतु दुखणे आले असता आरंभीचा बराच खर्च ज्याचा त्याने सोसावा. निरोग्यास ही योजना बरी. घरात कायमचे आजारपण असलेल्या कारकुनास ती कशी वाटली असेल, हे सांगावयास नकोच. विद्यार्थिसंख्या सुमारे ३९ हजारांवरून दहा वर्षांत ५० हजारांच्या वर गेली, आणि वसतिगृहांत दाटी झाली. शिवाय परप्रांतीय विद्यार्थ्यास वर्षास २८ हजार डॉलरांहून अधिक, म्हणजे स्थानिकाच्या जवळजवळ तिप्पट, फी पडे. परदेशी विद्यार्थ्यास त्याहूनही काही अधिक. असे विद्यार्थी पुष्कळ घेतले गेले. तेव्हा इंडियानातील शेतकऱ्याच्या मुलाची फी स्थिर राहण्यात पुण्या-मुंबईहून कर्ज काढून गेलेल्या मुलाच्या बापाचाही थोडाबहुत हातभार लागला आहे. फी त्याचीही वाढली नाही, हे कबूल केले पाहिजे. पण केवळ जुन्या खुर्च्यांनी हा चमत्कार केला, असे कोणी सांगू लागल्यास आम्ही ते मान्य करणार नाही.

आपल्याकडे शिक्षण स्वस्त राखण्याचे प्रयत्न याहून निराळ्या वाटेने झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी अवघ्या ७५ रुपये मासिक वेतनावर वीस वर्षे शिकविण्याचे व्रत घेतले. गोपाळ कृष्ण गोखले त्यांतलेच. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात मुले स्वतःच्या हातांनी कामे करून शिकली. आणि एकदा धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्र मोडून मुलांस जेवू घातले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. या दोन्ही ठिकाणी शिक्षण स्वस्त झाले ते कोणीतरी आपल्या ताटातील घास काढून दिला म्हणून. परंतु तो घास त्यांनी दिला होता. कोणी त्यांच्या ताटातून उचलून नेला नव्हता. हल्ली पुष्कळ ठिकाणी तासिकेवर नेमलेला तरुण पदवीधर शाळा-महाविद्यालयांतून वर्षानुवर्षे तुटपुंज्या पैशांवर राबतो, आणि त्यालाही लोक ‘शिक्षकाचा त्याग’ म्हणतात. हा शब्दाचा दुरुपयोग होय. आम्ही शिक्षक आहोत, तेव्हा हे स्वार्थाने बोलतो असे कोणास वाटल्यास तो आक्षेप आम्हांस शिरोधार्य आहे; तरी त्या तरुणापुढे बसणारा मुलगा पालकांचाच असतो, एवढे त्यांनी विसरू नये.

आमचे मत असे की, काटकसर अवश्य व्हावी, आणि ती वरून खाली यावी. आधी कचेरी, समारंभ, कमानी आणि रंगरंगोटी. मग आमच्या सोयी. वर्ग, ग्रंथालय व प्रयोगशाळा यांस शेवटपर्यंत हात लागू नये. या वार्षिकाचा गुळगुळीत कागद गेला तरी आम्हांस दुःख नाही. आणि फी वाढविण्यापूर्वी वर्षाचा जमाखर्च पालकांच्या सभेत वाचून दाखवावा, त्यांतील जाणत्यांनी तो तपासावा, प्रश्न विचारावेत. त्या सभेस आम्हीही हजर राहू. आमचे वेतनही त्याच कागदावर असेल, व त्याविषयी प्रश्न निघाल्यास उत्तर देण्यास आम्हांस संकोच वाटणार नाही. फाटकापाशी उभ्याउभ्या द्यावे लागणाऱ्या उत्तरापेक्षा ते खचितच बरे.