गाईडातला पावसाळा

ग्रुप डिस्कशन म्हटलं की आपल्यातल्या कितीतरी जणांची दातखिळी बसते. इंग्लिश कच्चं आहे, असं कारण आपण देतो. पण मी तर कॉन्व्हेंटची! फाडफाड इंग्लिश बोलते, तरी माझंही तेच होतं. कारण बोलायला आधी स्वतःचं मत लागतं, आणि ते मांडायला शाळेत कुणी शिकवलंच नाही. निबंध फळ्यावरून उतरवायचा, उत्तरं घोकायची, बस्स!

मागच्या दिवाळीत मामाकडे लाखांदूरला गेले होते. मंडईचे दिवस. झाडीपट्टीत मंडई म्हणजे रात्री नाटक आलंच. जवळच्या वडशात नाटक कंपन्यांची मांदियाळी आहे. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पहाटेपर्यंत नाटक बघून सकाळी ओसरीवर मामाचा सातवीतला पोरगा आणि त्याचे दोस्त भांडत होते. बापानं जमीन विकली ते बरोबर की चूक? एकानं मुद्दा काढला की दुसरा नाटकातलाच प्रसंग सांगून तो खोडायचा. याहून वेगळं डिस्कशन ते काय असतं?

दुपारी तोच पोरगा 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध गाईडातून उतरवत बसला. तालुक्यातून चुलबंद वाहते, घरासमोर धानाच्या बांध्या... आणि वहीत मात्र 'हिरवा शालू नेसलेली धरणी'!

म्हणून वाटतं, सहावी ते आठवीत आठवड्याचा एक तास तरी याला द्यावा. बघितलेल्या नाटकावर मुलांनी चार-चारच्या गटात बोलावं. 'तुला असं का वाटतं?' एवढंच सरांनी विचारावं. मग प्रत्येकानं आपलं मत दहा ओळींत लिहावं आणि शेवटी पुस्तकातल्या धड्यालाही तेच प्रश्न विचारावेत. मूल 'पाणी'ला 'पानी' म्हणालं तर लगेच टोकू नये. दुसऱ्यांदा लिहिताना ते सुधारता येतं. पहिल्याच वाक्याला टोकलेलं पोर पुन्हा हात वर करत नाही, हा माझा अनुभव आहे.

मग सिलॅबस कोण पुरा करणार? अहो, २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातच म्हटलंय की घोकंपट्टी सोडा, शाळेतलं ज्ञान बाहेरच्या जगण्याशी जोडा. वाद घालणं त्या पोरांना येतंच, शाळेनं फक्त ते वर्गात येऊ द्यावं. नाहीतर तीही एक दिवस आपल्यासारखीच गोल करून बसतील... गप्प!