पाऊस धुतो ते आणि वर नेतो ते

जुलै-ऑगस्टमध्ये नवी मुंबईच्या हवेचे आकडे चांगले येतात. पीएम १० उतरतो आणि कारखान्यांच्या पर्यावरण विभागांना जरा उसंत मिळते. धूळ आणि सल्फर डायऑक्साइड यांच्यापुरती ती रास्त आहे; थेंबात विरघळते किंवा अडकते ते खाली येते. पण टीटीसी आणि तळोज्याच्या औषध कारखान्यांत टँकरने आणि ड्रमांनी येणारा एक सॉल्व्हंट पावसाला दाद देत नाही. आपण सगळे त्याला एमडीसी म्हणतो: मेथिलीन डायक्लोराइड.

एमडीसी चाळीस अंशांना उकळतो, पाण्यात जेमतेम विरघळतो आणि हवेत सुटला की काही महिने टिकतो. तेवढ्या मुदतीत नैर्ऋत्येचा वारा त्याला सहज घाटापार नेतो. खुद्द कोकणातला मोसमी पाऊस बराचसा कमी उंचीच्या ढगांतून पडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मि.मी. पाऊस ओतणारे उत्तुंग ढग हा इथला अपवाद. हवा उपसून वर नेण्याचे काम मुख्यतः बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात आणि हिमालयाच्या पायथ्याशी चालते. तिथले क्युम्युलोनिम्बस ढग जमिनीलगतची हवा तासाभरात बारा-पंधरा किलोमीटरवर नेऊन सोडतात. तिथे तिबेटपासून इराणपर्यंत पसरलेला प्रतिचक्रवात जून ते सप्टेंबर ठाण मांडून असतो. त्यात सापडलेली हवा आठवडेच्या आठवडे घुमत राहते आणि तिचा काही भाग हळूहळू तपस्तब्धी ओलांडून स्थितांबरात शिरतो.

हा नुसता तर्क राहिलेला नाही. २०१० मध्ये विल्यम रँडेल आणि सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या नोंदींत हायड्रोजन सायनाइडचा माग काढून हा रस्ता दाखवला. पुढच्याच वर्षी कॅलिप्सो उपग्रहाच्या लेझर मोजणीतून आशियावर १३ ते १८ किलोमीटर उंचीवर, मोसमी काळात तयार होणारा सूक्ष्मकणांचा थर उघडकीला आला. पुण्याच्या आयआयटीएममधील सुवर्णा फडणवीस आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये संगणकीय प्रारूपाच्या आधारे काजळी आणि सल्फेट मोसमी ढगांबरोबर तिथवर कसे पोचतात ते मांडले. इस्रो आणि नासा यांनी २०१४ पासून हैदराबादसारख्या ठिकाणांहून फुगे सोडून त्या थरात मोजणी केली. २०१७ मध्ये काठमांडूहून उडालेल्या संशोधन विमानाला तिथे अमोनियम नायट्रेटचे कण मिळाले.

हा शेवटचा शोध आपल्या धंद्यातल्या माणसाने दोनदा वाचावा. अमोनिया पाण्यात इतका सहज विरघळतो की त्याच्यासाठी आपण पाण्याचा स्क्रबर लावतो. शेतातल्या युरियातून आणि गोठ्यांतून उठणारा तो अमोनियाही एवढ्या पावसात पुरता धुतला जात नसेल, तर एमडीसीची काय कथा? हेच ढग हवा शुद्धही करतात, हेही सांगायला हवे. विजांमुळे तयार होणारे नायट्रोजन ऑक्साइड वरच्या हवेत हायड्रॉक्सिल वाढवतात आणि त्यात बरेच प्रदूषक मोडतात. योस लेलिफेल्ड यांच्या गटाने हे २०१८ मध्ये दाखवून दिले. एमडीसी मात्र हायड्रॉक्सिलपुढेही सावकाशच मोडतो.

फ्रँकफर्ट-चेन्नई मार्गावरच्या लुफ्तान्साच्या प्रवासी विमानात बसवलेल्या उपकरणांनी २००८ च्या पावसाळ्यात हवेचे नमुने गोळा केले. ते १९९८ च्या नमुन्यांशी ताडून पाहता भारतीय उपखंडातून सुटणारा एमडीसी दहा वर्षांत दोन ते चार पट झाल्याचा अंदाज निघाला. २०२२ मध्ये दक्षिण कोरियातून झालेल्या उड्डाणांत अशा अल्पायुषी क्लोरीन संयुगांचे प्रमाण आधीच्या नोंदींच्या दुपटीहून अधिक भरले. ती मुख्यतः पूर्व आशियातून आलेली. स्थितांबरात पोचलेला क्लोरीन ओझोन खातो. तरीही १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने एमडीसीवर बंधन घातलेले नाही आणि आपल्या २००९ च्या राष्ट्रीय हवा मानकांतल्या बारा प्रदूषकांतही तो नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या केंद्रावर न दिसणारी ही गळती शोधायची तर आपल्याच शेडमध्ये शोधावी लागेल.

सुरुवात व्हेंट कंडेन्सरपासून करा. पावसाळ्यातल्या दमट हवेत कूलिंग टॉवरचे पाणी फारसे थंड होत नाही आणि त्यावर चाळीसला उकळणारा द्राव धरून ठेवण्याची आशा व्यर्थ आहे. तिथे चिल्ड ब्राइनच हवे, आणि तेही शिफ्टभर. कॉस्टिक स्क्रबरच्या भरवशावर राहू नका, तो आम्लवायू धरतो, एमडीसी नाही. मग सेंट्रिफ्यूजपाशी उभे राहा. झाकण उघडून ओला केक उपसताना सगळ्यांच्या नाकात शिरणारा तो गोडसर वास म्हणजे वर निघालेला माल आहे आणि तो आधी आपल्या कामगारांच्या छातीतून जातो. सगळ्यात फसवी जागा ईटीपीची. जलीय थराबरोबर गेलेला एमडीसी एरेशन टाकीत ब्लोअरच्या हवेने उडून जातो आणि अहवालात मात्र ‘प्रक्रिया झाली’ म्हणून जमा होतो. सांडपाणी एरेशनला सोडण्यापूर्वी त्यातला सॉल्व्हंट काढून घेतलाच पाहिजे.

रिकव्हरी ९५ टक्के असे सांगून विषय मिटवला जातो, पण उरलेल्या पाच टक्क्यांचा हिशेब कुणी मागत नाही. वाचकांनी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा एमडीसीचा मास बॅलन्स मांडावा: नवी खरेदी, साठ्यातला फरक, बाहेर पाठवलेला वापरलेला सॉल्व्हंट, आणि या तिन्हींत न सापडणारी तूट. कारखान्याचे नाव न घालता आकडे ऑक्टोबरअखेर संपादकीय विभागाकडे पाठवावेत. डिसेंबरच्या अंकात त्यांचा एकत्रित तक्ता छापू.