यमक कानाचे, अर्थ घरचा

पेण तालुक्यातील गडब हे मुंबई-गोवा महामार्गावरील गाव. तेथील एखाद्या जैन व्यापारी घरातील संध्याकाळ डोळ्यांसमोर आणावी. सूर्यास्तापूर्वीचे भोजन आटोपले आहे. वडील गल्ल्यावर बसून दिवसाचा हिशेब जुळवीत आहेत, आजीच्या हातात जपमाळ आहे आणि इंग्रजी माध्यमात शिकणारी नात गृहपाठाची वही उघडून बसली आहे. गृहपाठ असा: दिलेल्या शब्दाशी यमक जुळणारा शब्द लिहा व दोहोंचे अर्थ सांगा. पहिलाच शब्द तारखेचा, ‘डेट’. नात क्षणभरही न थांबता पुढे ‘नेट’ लिहिते. दुसऱ्या दिवशी त्या उत्तरावर लाल फुली येते आणि घरात कोणालाच चूक उमगत नाही. देवनागरीत लिहून पाहिले, तर डेट आणि नेट यांचे यमक निर्दोषच दिसते.

असे प्रसंग आज पुष्कळ घरांत घडतात. या फुलीमागे दोन भाषांच्या लेखनपद्धतींतील एक मोठा भेद दडलेला आहे, आणि तो समजून घेतल्यास मुलांचे इंग्रजी तर सुधारतेच, शिवाय इंग्रजी न शिकलेल्या वडीलधाऱ्यांनाही त्या अभ्यासात मानाचे स्थान मिळते.

इंग्रजीत यमक ठरते ते अक्षरांवरून नव्हे, तर उच्चारावरून. शब्दातील आघात असलेला शेवटचा स्वर आणि त्यापुढील सर्व ध्वनी सारखे असावेत, त्याआधीचे व्यंजन मात्र वेगळे असावे, एवढाच नियम. सोप्या कुळापासून आरंभ करावा. बिल, मिल, फिल, टिल, विल. बिल आणि मिल हे शब्द मराठीत मुरलेलेच आहेत. फिल म्हणजे भरणे, विल म्हणजे मृत्युपत्र, आणि टिल म्हणजे दुकानदाराचा गल्ला. पेढीवर वाढणाऱ्या मुलाला हा शेवटचा अर्थ एकदा कळला, की तो पुन्हा पाठ करावा लागत नाही.

सर्वच कुळे इतकी सरळ नसतात. रेट म्हणजे दर, वेट म्हणजे वजन, फ्रेट म्हणजे मालवाहतुकीचे भाडे, स्ट्रेट म्हणजे सरळ आणि ग्रेट म्हणजे थोर. या पाचही शब्दांचे यमक उत्तम जुळते. परंतु इंग्रजीत त्यांचे शेवट चार निरनिराळ्या प्रकारांनी लिहिले जातात. उलटपक्षी वजनाचा वेट आणि उंचीचा हाइट यांची शेवटची पाच अक्षरे तीच, ई-आय-जी-एच-टी, तरी यमक जुळत नाही. हाइटचे यमक लाइटशी. कॉस्ट म्हणजे किंमत आणि लॉस्ट म्हणजे हरवलेले, हे दोन्ही जुळतात. त्याच अक्षरांनी संपणारा पोस्ट मात्र त्यांच्या पंक्तीस बसत नाही, त्याची जोडी मोस्टशी. डोळा येथे हमखास फसतो.

अशा ठिकाणी देवनागरी लिपी मोठे साहाय्य करते. ती उच्चारानुसारी असल्यामुळे इंग्रजी शब्द मराठी अक्षरांत लिहिला, की लपलेले यमक उघड होते. ओ-यू-जी-एच या चार अक्षरांनी संपणारे शब्द घ्यावेत. टफ म्हणजे कठीण, रफ म्हणजे खडबडीत आणि दो म्हणजे जरी. इंग्रजी वहीत तिघे एकाच घरचे दिसतात; देवनागरीत लिहिताच टफ व रफ एकत्र राहतात आणि दो वेगळा होतो. म्हणून यमकाच्या अभ्यासात मुलांनी शब्दाखाली त्याचा उच्चार मराठीत लिहिला, तर त्यास कमीपणा मानण्याचे कारण नाही.

तथापि या साहाय्यालाही एक मर्यादा आहे, आणि नातीच्या वहीतील लाल फुली नेमकी तेथेच उमटली. इंग्रजी उच्चारांसाठी मराठीने ॲ आणि ऑ ही चिन्हे स्वीकारली. आखूड ‘ए’साठी मात्र निराळे चिन्ह नाही. कानडीत आणि तेलुगूत ऱ्हस्व ‘ए’ व दीर्घ ‘ए’ यांची अक्षरे वेगवेगळी आहेत. सीमाभागातील ज्या जैन कुटुंबांत मराठीबरोबर कानडीही बोलली जाते, तेथील मुलांना हा भेद चटकन कळेल. मराठीत तो लिहून दाखविता येत नसला, तरी ऐकू मात्र येतो. ‘एक’ म्हणताना ‘ए’ लांबतो, ‘एक्का’ म्हणताना तोच आखूड होतो. तारीख या अर्थाचा ‘डेट’ एकप्रमाणे लांब आणि नेट एक्क्याप्रमाणे आखूड. म्हणून तारखेच्या डेटचे यमक रेटशी, लेटशी आणि फाटक या अर्थाच्या गेटशी जुळते, नेटशी नव्हे.

नेटशी जुळणारा ‘डेट’ दुसरा आहे. त्याचा अर्थ कर्ज. त्यातील बी हे अक्षर लिहिले जाते, पण उच्चारले जात नाही. मराठी वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानावर ‘डेट फंड’ छापलेले असते, तेव्हा त्याचा तारखेशी काही संबंध नसतो. तो कर्जरोख्यांत पैसा गुंतविणारा फंड होय. उलट, बिलावरील ‘ड्यू डेट’ म्हणजे रक्कम देण्याची शेवटची तारीख. एक डेट चुकली, की दुसरी वाढते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावयास नको. ‘सेल’चीही तीच कथा. विक्री या अर्थाचा सेल लांब, त्याचे यमक तराजू या अर्थाच्या स्केलशी. विकणे या अर्थाचा सेल आखूड, त्याचे यमक घंटा या अर्थाच्या बेलशी. दुकानाच्या पाटीवर देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतील.

गडबच्या मुलांना तर या भेदाचे उदाहरण आपल्या तालुक्याच्या नावातच सापडेल. ‘पेण’ हे नाव रोमन लिपीत लिहिले, की त्याची अक्षरे लेखणीच्या पेनचीच होतात. मराठी कानाला मात्र पेणचे यमक मेणाशी आणि शेणाशी जुळते, ‘न’शी नव्हे. लेखणीचा पेन आखूड, त्याची जोडी टेन म्हणजे दहाशी. वेदना या अर्थाचा पेन लांब, त्याची जोडी नफा या अर्थाच्या गेनशी. ‘जैन’ या शब्दाचेही इंग्रजीत दोन उच्चार रूढ आहेत. एक ट्रेनशी जुळतो, दुसरा लाइनशी. आपल्या मूळ उच्चाराला जवळचा आहे तो दुसरा, हे मुलांना अवश्य सांगावे.

आता आजीकडे वळू या. तिला इंग्रजी लिपी वाचता येत नाही. पण स्तवने, सज्झाय, आरत्या यांच्या शेकडो ओळी तिने कानानेच आत्मसात केल्या आहेत. यमक चुकले, तर तिचा कान तत्काळ अडखळतो. नातीने दोन शब्द मोठ्याने म्हणावेत आणि जुळले की नाही, ते आजीने सांगावे. मग आजीने विचारावे, “बाळा, याचा अर्थ काय?” आणि नातीने तो मराठीत सांगावा. अर्थ सांगता आला नाही, तर शब्द वहीत उतरवू नये. नुसती घोकंपट्टी टाळण्याचा याहून सोपा उपाय नाही.

ही रीत आपल्या परंपरेस नवी नाही. धारानगरीच्या धनपाल या जैन कवीने विक्रम संवत 1029 मध्ये, म्हणजे इसवी सन 972 च्या सुमारास, ‘पाइयलच्छीनाममाला’ हा प्राकृत शब्दकोश रचला, तो सुंदरी नावाच्या आपल्या धाकट्या बहिणीसाठी. सुमारे पावणेतीनशे गाथांचा हा कोश पाठ करण्याजोगा आहे. शब्द आणि अर्थ एकाच लयीत मनात बसावेत, ही त्यामागील योजना. भावाने बहिणीला घरात शब्द शिकवावेत, याचा हजार वर्षांपूर्वीचा हा पुरावा आहे. अंत्ययमकाचे लेणेही अपभ्रंश काव्यात विशेष खुलले, आणि आज उपलब्ध असलेल्या अपभ्रंश साहित्याचा फार मोठा भाग स्वयंभू, पुष्पदंत यांसारख्या जैन कवींचाच आहे.

अर्थ विचारण्याचे आणखी एक कारण आहे. मुलांच्या पुस्तकांत मनी आणि हनी, लेग आणि एग अशा जोड्या येतात. हनी म्हणजे मध, एग म्हणजे अंडे. यमक पाठ करताना मूल हे शब्द सहज शिकते आणि शिकावेतही. शब्द जाणणे म्हणजे पदार्थ स्वीकारणे नव्हे. परंतु मध आपल्याकडे वर्ज्य का, हे शाळेचे पुस्तक सांगणार नाही. ते घरातच सांगितले गेले पाहिजे, आणि त्यासाठी यमकाचा गृहपाठ ही अनायासे आलेली संधी आहे.

गडबच्या त्या घरात आता फुलीचे कारण कळले आहे. नात पुन्हा वही उघडते. “देऽट, रेऽट,” ती लांबवून म्हणते. आजी मान डोलावते. गल्ल्यावरून वडील विचारतात, “आणि दुसरा डेट?” नात सांगते, “तो आखूड. डेट, नेट. म्हणजे कर्ज.” आजी हसून म्हणते, “कर्ज आखूडच बरे.”

भाषासमिती शिकविते, की वचन हित असावे, मित असावे. हित आणि मित, या दोन शब्दांचेही यमक जुळते. आणि त्यांचा अर्थ मुलांना समजावून सांगणे हे घराचेच काम आहे.