जागा आहे, पण ठिकाण नाही



खंडेनवमीला आपण सगळेच औजारं धुतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूचं फूल ठेवतो. चार दिवसांनी तोच कोयता पेंढ्यात, तीच पक्कड ट्रॅक्टरच्या सीटखाली आणि तोच पाना विहिरीच्या कठड्यावर. पुढं वर्षभर शोधाशोध. बियाणं किती, खत किती, मजुरी किती हे आपण वहीत लिहितो. औजारखोलीतल्या पसाऱ्यापायी किती वेळ गेला, किती सामान दोनदा विकत आणलं, हे कोणी लिहीत नाही. मला वाटतं तो खर्च मोठा आहे, आणि त्यातला काही खर्च पैशात मोजता येत नाही. त्यावर आज थोडं लिहितो.

हे भांडुपहून लिहितोय. शेती माझी मुरबाडकडं, पावसाळ्यात भात आणि नंतर भेंडी. दादा भांडुपला टेंभीपाड्याच्या बाजूला राहतो. लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात फिटर होता. त्या रस्त्यावरचे कितीतरी कारखाने गेले, टॉवर आले. दादा निवृत्त झाला, पण हात शांत बसत नाहीत. मिक्सर, पाण्याची मोटर, शिलाई मशीन, आजूबाजूचं सगळं त्याच्याकडं दुरुस्तीला येतं. खोली दहा बाय बाराची. त्यात वहिनीचा ओटा, पाण्याचे ड्रम, देवघर, आणि उरलेली एक भिंत व पोटमाळा एवढाच दादाचा कारखाना.

त्या भिंतीवर प्लायवूडचा तुकडा ठोकलाय. प्रत्येक औजाराला खिळा, आणि खिळ्याभोवती त्या औजाराची आकृती रंगानं काढलेली. पक्कड काढली की मागं पक्कडीची रिकामी आकृती दिसते. संध्याकाळी एक नजर टाकली की काय परत आलं नाही ते कळतं. स्क्रू, नट, वायसर जामच्या बाटल्यांत. बाटल्यांची झाकणं फळीला खालून ठोकलेली, बाटली फिरवली की हातात येते. वायर जाडीप्रमाणं गुंडाळून वेगवेगळ्या खुंटीला. परवा दिवे गेले तेव्हा दादानं अंधारात हात घातला आणि 14 नंबरचा पाना काढला. बॅटरी लावली नाही.

आपल्याकडं शेतावर जागा केवढी! पत्र्याची शेड, गोठ्याची पडवी, माळा. तरी बारका स्पार्क प्लगचा पाना सापडत नाही म्हणून पॉवर विडर दुपारभर उभा. जागा कमी असली की माणूस प्रत्येक वस्तूला ठिकाण नेमून देतो. जागा भरपूर असली की "ठेव तिथं कुठंतरी" म्हणतो. मुंबईवाल्यांना आपण खुराड्यात राहणारे म्हणून हसतो, पण ही एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे.

दादा म्हणतो, कारखान्यात हे जपानी पद्धतीनं शिकवलं जायचं. पाच शब्द आहेत: सेईरी, सेईतोन, सेईसो, सेईकेत्सू, शित्सुके. नको ते काढा, हवं ते जागेवर लावा, साफ करा, सगळ्यांसाठी एकच रीत ठेवा, ती मोडू नका. शेतकऱ्याला यातलं पहिलंच जड जातं. तुटलेली लान्स, झिजलेला फाळ, कापलेली ठिबकची नळी, "कधीतरी उपयोगी येईल" म्हणून सगळं राहतं. उपयोगी येतंही, नाही म्हणत नाही. पण मग त्याला एक वेगळा पिंप द्या. चालू सामानात भंगार मिसळलं की दोन्ही सापडत नाहीत.

माझ्या शेडमध्ये मी दोन वर्षांपूर्वी हे लावलं. जुन्या दरवाजाची फळी, खिळे आणि ऑइलपेंटचा एक छोटा डबा. पाने-पकडी एका फळीवर. ठिबकचे जॉइनर, ग्रोमेट, एंड कॅप वेगवेगळ्या बरण्यांत. पीव्हीसीचं सोल्युशन, टेफ्लॉन टेप आणि करवतीचं पातं एकाच डब्यात, कारण पाइप फुटला की तिन्ही एकदम लागतात. मोटरच्या स्टार्टरचं सामान, टेस्टर आणि फ्यूजची तार दुसऱ्या डब्यात. काम कोणतं निघालं ते बघून डबा उचलायचा. हा नियम मला सगळ्यात जास्त पावला. औजारं जातीप्रमाणं लावण्यापेक्षा कामाप्रमाणं लावलेली बरी. भेंडीला पाणी द्यायचं आणि लाइट फक्त ठरलेल्या तासांची, त्यात अर्धा तास जॉइनर शोधण्यात गेला तर ती पाळीच गेली.

दुसरा नियम, जमिनीवर काही नको. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हापासून दादाच्या घरात सगळं हातभर उंच. आपल्याला पुराची वाट बघायची गरज नाही. युरिया हवेतलाच ओलावा ओढतो. फरशीवर, भिंतीला टेकवून ठेवलेली 45 किलोची गोणी पावसाळ्यात दगड होते. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून वीतभर अंतर, वरून प्लास्टिक, एवढं पुरतं. कॅल्शियम नायट्रेट आणि पोटॅशियम नायट्रेटच्या गोण्या डिझेलच्या कॅनपासून, पेंढ्यापासून आणि भुशापासून लांब ठेवा. ही खतं स्वतः पेटत नाहीत, पण लागलेली आग भडकवतात.

आता जे मला खरं म्हणायचंय ते. पसाऱ्यातला पाना सापडला नाही तर दुपार जाते. पसाऱ्यातलं औषध चुकीच्या हाताला सापडलं तर माणूस जातो.

1958 साली केरळात शंभरावर माणसं दगावली. जहाजातून धान्य-पीठ येत होतं आणि त्याच्याच जवळ पॅराथिऑन हे कीटकनाशक होतं. गळती झाली, ते पिठात मुरलं, आणि लोकांनी त्या पिठाचं अन्न खाल्लं. विष कोणी फवारलं नव्हतं, फक्त चुकीच्या जागी ठेवलं होतं. अशा घटनांनंतर देशात 1968 चा कीटकनाशक कायदा आला आणि 1971 चे नियम आले. त्या नियमांत लिहिलंय की कीटकनाशकं वेगळ्या खोलीत किंवा वेगळ्या कपाटात कुलपात ठेवा. ते साठा करणाऱ्यांसाठी लिहिलंय. पण दुकानदारानं कुलपात ठेवलेली बाटली आपल्या घरी आली की माळ्यावर कांद्याशेजारी का बसते?

2017 ला यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसवर शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. तेव्हा मास्क, हातमोजे, पंप यावर पुष्कळ बोललं गेलं, ते बरोबरच होतं. पण बाटली घरात कुठं राहते हा प्रश्न मागंच राहिला.

म्हणून चार गोष्टी आग्रहानं सांगतो.

एक, औषधाला स्वतंत्र पेटी किंवा कपाट, कुलूप आणि चावी दोघांकडंच. धान्य, बियाणं, पशुखाद्य आणि भांडीकुंडी त्या खोलीतही नको. तणनाशकाच्या वाफेनंही बियाण्याची उगवण बिघडू शकते.

दोन, औषध मूळ बाटलीतच ठेवा. थंड पेयाच्या बाटलीत, दारूच्या क्वार्टरमध्ये शेजाऱ्याला "थोडंसं" ओतून देणं बंद करा. बाटलीवरच्या चौकोनाचा रंग सगळ्या घराला माहीत हवा: लाल म्हणजे अतितीव्र विष, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. सौम्य म्हणजे पिण्याजोगं नव्हे. उद्या कोणाला बाधा झालीच तर लेबलसकट बाटली दवाखान्यात न्या. ऑर्गॅनोफॉस्फेट असेल तर डॉक्टर ॲट्रोपिन देतात. पॅराक्वाट असेल तर त्याला उताराच नाही, उपचार वेगळ्या दिशेनं करावे लागतात. लेबल नसेल तर डॉक्टरनं अंदाज किती करायचा?

तीन, तणनाशकाचा पंप वेगळा. त्यावर लाल रंगाचा पट्टा मारा आणि त्याची खुंटीही वेगळी ठेवा. टू-फोर-डी मारलेला पंप नुसता विसळून भेंडीवर, कापसावर किंवा द्राक्षावर नेला तर पानं आकसतात, शेंडा वाकडा होतो. मग रोग समजून अजून एक औषध मारलं जातं.

चार, वर्षातून एकदा कपाट रिकामं करून तारखा बघा. मुदत संपलेलं बाजूला काढा. फोरेट 2020 च्या अखेरीस देशात बंद झालं, तरी जुनी अर्धी पिशवी कितीतरी माळ्यांवर पडून असेल. ती ओढ्यात टाकू नका, जाळू नका, कृषी खात्याला विचारून मार्ग काढा. रिकाम्या डब्यांना भोकं पाडा, म्हणजे त्यात कोणी पाणी किंवा तेल भरणार नाही.

यावर दोन आक्षेप मी ऐकतो. पहिला, "आपण शेतकरी, दुकानदार थोडेच? चिखलातलं काम, त्यात कसली मांडणी." दादाच्या हाताला ग्रीस असतं, आपल्या हाताला चिखल. औजार पुसून खिळ्याला लावायला जेवढा वेळ लागतो तेवढाच ते फेकायला लागतो, थोडा जास्त म्हणा. खर्चाचं म्हणाल तर कुर्ल्याच्या भंगारात फळ्या, कप्पे, पत्र्याचे डबे मिळतात, आणि प्रत्येक तालुक्याच्या गावाला आपलं एक कुर्ला असतंच.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: "मी लावतो, पण घरातले आणि गडी मोडतात." यावर माझं म्हणणं, मांडणी एकट्यानं ठरवू नका. खुरपं, विळा, बियाण्याचे डबे सगळ्यात जास्त कोण काढतं? बहुतेक घरात बाई. मग खुंटी तिच्या हाताला पोचेल अशी हवी. पुरुषानं स्वतःच्या उंचीला फळी ठोकायची आणि नंतर ओरडायचं, हे बरोबर नाही. गड्याला वाचता येत नसेल तर म्हणूनच आकृती काढायची. आकृतीला शाळा लागत नाही. औषधाचं कपाट मात्र उंच आणि कुलपातच, तिथं सोय बघायची नाही.

कृषी सहायक आणि कृषी विज्ञान केंद्राच्या मंडळींना एक विनंती. मेळाव्यात तुम्ही प्रमाण सांगता, किती मिली, किती लिटर पाण्यात. शेतावर याल तेव्हा पिकासोबत पाच मिनिटं आमची शेडही बघा. बाटली कुठं आहे, पंप कुठं आहे, चावी कोणाकडं आहे, एवढे तीन प्रश्न विचारा. शेतकऱ्याला राग येईल, येऊ द्या.

मृग तोंडावर आलाय. पेरणीची गडबड सुरू झाली की कोणाला सवड नाही. त्याआधी अर्धा दिवस काढा. सगळं सामान अंगणात ओता, तीन ढीग करा: चालू, दुरुस्तीचं, भंगार. पण त्याच्याही आधी, आजच संध्याकाळी, माळ्यावरच्या औषधाच्या बाटल्या खाली उतरवा आणि एका पेटीला कुलूप लावा. बाकीची फळी पुढच्या रविवारी ठोकली तरी चालेल.