माया नसलेले कपडे

दिवाळी आली की घरोघरी कपाटे उघडतात आणि घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : कपाटात ठेवायला जागा नाही आणि अंगावर घालायला धड कपडा नाही! ह्या जुनाट दुखण्यावर हल्ली एक नवे औषध निघाले आहे. कपाट रिते करा. मोजके तीसेक कपडे ठेवा. ते एकमेकांशी जुळणारे, साध्या रंगाचे, कचेरीत आणि कार्यात सारखेच शोभणारे असू द्या. ह्या पथ्याला 'कॅप्सूल वॉर्डरोब' असे भारदस्त नाव आहे.

पथ्य वाईट नाही. माझे भांडण आहे ते वैद्याशी. हा शब्द रूढ करण्याचे श्रेय लंडनच्या सुझी फॉ ह्या बाईंना देतात. १९७० नंतरच्या दशकात त्या तेथे कपड्यांचे दुकान चालवीत. पुढे १९८५ साली न्यूयॉर्कच्या डोना कॅरन ह्यांनी सात सुट्या कपड्यांचा संच काढून त्याचा बोलबाला केला. म्हणजे कमी कपड्यांचा हा उपदेश दुकानात वाढला. मांजराने एकादशीचे माहात्म्य सांगावे, तशातली गत! परिणामही तसाच होतो. मंडळी जुने शंभर कपडे घराबाहेर काढतात आणि 'मोजके' तीस नवे विकत आणतात. वर्षाने त्या तिसांचे साठ होतात आणि उपदेश पुन्हा पहिल्यापासून सुरू.

माझे गाव लवळे. टेकडीवर आता विद्यापीठ आहे, आणि पार्सले पोचवणाऱ्या पोरांच्या गाड्या दिवसभर चढ चढत असतात. कपड्यासाठी पुण्याला जाण्याची गरज उरली नाही. दुकान प्रत्येकाच्या खिशात आहे. अशा काळात कपाट लहान कसे ठेवावे? मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई. पण ह्याचे उत्तर मला कोणा पंडिताला विचारावे लागत नाही. कपाट लहान राहते ते सुईने, खरेदीने नव्हे. आणि सुई चालते ती माया असलेल्या कपड्यावर.

माया हा शब्द मी वेदान्तातून घेतलेला नाही, शिंप्याच्या दुकानातून घेतला आहे. शिवणीच्या आत जे जादा कापड राखतात, त्याला शिंपी माया म्हणतात. आमच्या लहानपणी आया गणवेशाचे कापड टाकताना बजावीत, "माया भरपूर सोडा हो, पोर वाढत्या अंगाची आहे." जूनमध्ये शिवलेला स्कर्ट पुढच्या जूनमध्ये उसवून खाली सोडायचा. जुन्या दुमडीची न विटलेली गडद रेघ वर्गातल्या निम्म्या मुलींच्या स्कर्टवर दिसे, आणि तिची कोणाला लाज वाटत नसे. पुरुषांच्या सदऱ्याची कॉलर विरली, की शिंपी ती काढून उलटी बसवी. सदरा आणखी दोन वर्षे मिरवे. आता कुठलाही स्वस्त तयार कपडा उलटा करून पाहा. शिवणीला जेमतेम कापड, कडा यंत्राने कातरून टाकलेली. तो सैल करता येत नाही, लांब करता येत नाही. पोट दोन बोटे सुटले की कपडा बाद!

ह्याच्या शेजारी नऊवारी लुगड्याचे चरित्र ठेवा. मधोमध विरले, की विरलेला भाग काढून टाकीत आणि दोन्ही धड तुकडे जोडून दंड घालीत. दंड घातलेले लुगडे शेतावर नेसायला पुन्हा तयार! ते फाटले की बाळंतिणीच्या खोलीत जाई. नवे कापड तान्ह्याच्या अंगाला टोचते. शेकडो धुण्यांनी मऊ झालेले टोचत नाही. म्हणून दुपटी, लंगोट, टोपडी त्याचीच. उरलेले थरावर थर अंथरून धावदोऱ्याने गोधडीत जाई. गोधडीचे पायपुसणे होई आणि सरतेशेवटी चुलीजवळचे पोतेरे. घरात जे खपत नसे ते बोहारीण नेई आणि तासभर हुज्जत घालून त्याच्या बदल्यात भांडे देई. एका कापडाने किती जन्म घेतले ते मोजा, आणि मग मला बहुगुणी कपड्याची व्याख्या शिकवा! आमच्या मुळशीच्या पावसात घोंगडी हीच खोळ, हेच अंथरूण, हेच पांघरूण. पंचा अंग पुसतो, डोक्याला बांधला जातो, भाकरीही बांधून घेतो. त्याला कोणी कधी 'संच' म्हटले नाही.

येथे कोणी म्हणेल, "बाई, तुम्ही दारिद्र्याचे गोडवे गाता." हा आक्षेप मी हलका मानत नाही. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत गांधीजींनी अंगावरचे कपडे उतरवून पंचा पत्करला. आणि १९२७ च्या डिसेंबरात महाडला डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्य मानलेल्या स्त्रियांना स्वच्छ राहण्यास आणि लुगडे नेसण्याची जुनी, जातीची खूण सांगणारी पद्धत सोडण्यास सांगितले. मला दोघांचेही पटते. ज्याच्यापाशी होते त्याने टाकले. ज्यांना मिळू दिले नव्हते त्यांनी मिळवले. ज्याच्या दांडीवर दोनच कपडे वाळतात, त्याला काटकसर शिकवणे हा उद्धटपणा आहे. माझे बोलणे ज्यांच्या कपाटाचे दार लागत नाही त्यांच्याशी आहे.

दुसरा आक्षेप माझा मीच घेते. त्या गोधड्या कोणाच्या डोळ्यांनी शिवल्या? बायकांच्या. रात्री कंदिलाशी बसून, बिनमोलाने. ते दिवस परत यावेत असे मी मुळीच म्हणणार नाही. पण त्यावर उपाय सुई फेकून देणे हा नव्हे. सुई घरातल्या सगळ्यांच्या हाती देणे हा आहे. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मी मुलग्यांनाही बटण लावायला बसवते. पहिल्या दिवशी ते खिदळतात. तिसऱ्या आठवड्यात एखादा स्वतःच्या दप्तराचा तुटलेला पट्टा शिवून आणतो आणि वर्गभर मिरवतो. आणि शिंप्याचे मोलही रास्त द्यायला हवे. चेन बदलण्याचे पैसे ऐकून घासाघीस करायची आणि त्याच संध्याकाळी नवी विजार मागवायची, हा कुठला हिशेब?

सुई सोडल्याचा हिशेब मांडायचा तर जगभर फिरावे लागेल. चिलीच्या अटाकामा वाळवंटात टाकलेल्या कपड्यांचे डोंगर साचले. २०२१ साली त्यांची छायाचित्रे जगाने पाहिली. आपल्या पानिपतात परदेशांतले जुने कपडे पिंजून त्यांची ब्लँकेटे करतात. पण सूत आणि पॉलिएस्टर एकत्र विणलेले कापड पुन्हा वेगळे करणे फार अवघड. पॉलिएस्टर मूळचे खनिज तेलातले. दर धुण्याला त्याचे बारीक तंतू पाण्यातून नदीला मिळतात. त्याची ना नीट गोधडी होते, ना पोतेरे. ते पाणीच धरत नाही! आणि स्वस्ताईची किंमत कोणी ना कोणी मोजतोच. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि तयार कपडे शिवणारी अकराशेहून अधिक माणसे मेली. आदल्याच दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावले होते. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे लावणार, असे आपण म्हणतो. ठिगळ लावायची वेळ त्याआधीची असते.

म्हणून वाचकहो, कपाट उपसून फेकू नका. आहे ते आधी नेसा, उसवा, वाढवा, शिवा. सणाला नवा कपडा घेऊच नका, असा कोरडा उपदेशही मी करणार नाही. पोराबाळांच्या अंगावर नवे कापड पाहण्याचा आनंद मलाही आहे. फक्त दुकानात गेल्यावर एक करा. कपडा आरशासमोर अंगाला लावून पाहण्याआधी तो उलटा करा आणि शिवण पाहा. दुकानदार हसेल, हसू द्या. त्याला विचारा, "ह्यात माया किती आहे?" उत्तर देता आले नाही, तर तो कपडा तिथेच त्याच्या खुंटीला राहू द्या.