खुरपणीवर नाव कोणाचे?

जानेवारीच्या अखेरीस अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात झाडांवर पान नसते. टेनेसी राज्याच्या या राजधानीत तेव्हा थंडी भरात असते, हिरवळ मातकट पडलेली असते. याच सुमारास गावातल्या म्युझिक सिटी सेंटर नावाच्या अवाढव्य सभागृहात मात्र बागा उभ्या राहू लागतात. ट्रक भरभरून माती येते, मुळांच्या गड्ड्यासकट झाडे येतात, शेवाळलेले दगड येतात, कारंज्यांचे नळ जोडले जातात. सिमेंटच्या जमिनीवर तीन दिवसांचा वसंत मांडला जातो आणि त्याच्या अवतीभवती शंभराहून अधिक विक्रेते आपापला जुना माल लावतात. चांदीची भांडी, तैलचित्रे, गालिचे, अक्रोडाच्या लाकडाची कपाटे, बिडाच्या कुंड्या, दगडी सूर्यघड्याळे.

‘अँटिक्स अँड गार्डन शो ऑफ नॅशव्हिल’ हे या मेळ्याचे नाव. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकाच्या आरंभी तो सुरू झाला आणि त्याचे उत्पन्न मुख्यतः दोन वाटांनी जाते. एक वाट शहरातल्या धर्मादाय कामांकडे, तर दुसरी ‘चीकवुड’ या जुन्या वाड्याच्या बागांकडे. जुन्या वस्तूंच्या बाजारातून बागेसाठी पैसा उभा करायचा, ही कल्पना ऐकायला श्रीमंतांच्या विरंगुळ्यासारखी वाटते. प्रत्यक्षात बागा जगवण्याचा याहून शहाणा मार्ग फार थोड्या गावांना सापडला आहे.

चीकवुडची गोष्ट कॉफीपासून सुरू होते. जोएल चीक हा किराणा मालाचा फिरता विक्रेता. निरनिराळ्या बिया मिसळून त्याने 1892च्या सुमारास एक कॉफी तयार केली. नॅशव्हिलच्या मॅक्सवेल हाउस हॉटेलात ती दिली जाऊ लागली आणि हॉटेलचेच नाव तिला चिकटले. पुढे 1928 मध्ये पोस्टम कंपनीने हा धंदा चार कोटी डॉलरहून अधिक रकमेला विकत घेतला. जोएलच्या नात्यातल्या लेस्ली चीक यांचे भांडवल त्यात होते. हाती आलेल्या पैशातून लेस्ली आणि त्यांची पत्नी मेबल वुड यांनी शहराच्या पश्चिमेला शंभर एकर रान घेतले. दोघांची आडनावे जोडून जागेचे नाव ठेवले चीकवुड.

वाडा बांधायला त्यांनी ब्रायंट फ्लेमिंग यांना बोलावले. फ्लेमिंग यांची खरी ओळख बागांचे आणि भूदृश्याचे रचनाकार म्हणून होती. कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी तोच विषय शिकवला होता. त्यामुळे इथे आधी घर आणि मग उरलेल्या जागेत बाग, असे झाले नाही. उतार, पायऱ्या, पाण्याचे ओघळ, बॉक्सवुडची कुंपणे आणि चुनखडीच्या दगडाचा जॉर्जियन घाटाचा वाडा हे सगळे एकाच हाताने एकत्र रेखले. घराच्या आतला साज मात्र आयता मिळवला. चीक दांपत्य आणि फ्लेमिंग इंग्लंडात गेले आणि तिथल्या जुन्या हवेल्यांतून निघालेली दारे, शेकोट्यांच्या चौकटी, झुंबरे, लाकडी नक्षीकाम विकत घेऊन परतले. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडातली अनेक उमराव घराणी करांखाली वाकली होती, वारस रणांगणावर गेले होते, वाडे पाडले जात होते. एका देशातली मोडलेली घरे दुसऱ्या देशातल्या नव्या घराची शोभा झाली.

ज्याने हे उभे केले त्याला ते फार लाभले नाही. चीक कुटुंब 1932 मध्ये राहायला आले आणि 1935 मध्ये लेस्ली वारले. पुढे वाडा मुलगी हल्डा आणि जावई वॉल्टर शार्प यांच्याकडे आला. एवढी वास्तू एका कुटुंबाने राखण्यापेक्षा ती गावाची व्हावी असे दोघांना वाटले, म्हणून त्यांनी ती वनस्पती उद्यान आणि कलासंग्रहालयासाठी देऊ केली. नॅशव्हिलमधल्या बागप्रेमी संस्था आणि नागरिक पुढे आले आणि 1960 मध्ये दारे सर्वांसाठी उघडली. आज सुमारे 55 एकरांचा परिसर लोक पाहतात. कोरा हाउ या बाईंनी आपल्या घरी जोपासलेली रानफुलांची बागही 1968 मध्ये इथे आणून लावली गेली. वाडा नुसता दान देता येतो, पण बाग दान दिली तरी ती दुसऱ्या दिवसापासून पाणी मागते.

या पाणी मागण्याचा हिशेब बाहेरच्या माणसाच्या ध्यानात सहसा येत नाही. बॉक्सवुडच्या कुंपणांचे उदाहरण घ्या. फ्लेमिंग यांच्या मूळ आराखड्याचा कणाच या झुडपांचा आहे. ती अतिशय हळू वाढतात, म्हणून जुने झुडूप गेले की तेवढे मोठे पुन्हा दिसायला एक पिढी जाते. अमेरिकेत 2011 मध्ये या झुडपांवरचा बुरशीचा रोग प्रथम नोंदला गेला आणि मग राज्याराज्यांत पसरला. पाने गळतात, फांद्या काळवंडतात, ओल राहिली की रोग पायाखालच्या पाचोळ्यातूनही पसरतो. औषध फवारणे पुरत नाही. हवा खेळावी म्हणून आतली दाटी विरळ करावी लागते, पाचोळा वेचावा लागतो, कात्री एका झुडपावरून दुसऱ्याकडे नेताना धुवावी लागते. हे काम माणसाच्या हातांचे आहे आणि ते दर आठवड्याला आहे. नॅशव्हिलवर मे 2010 मध्ये दोन दिवसांत 13 इंचांहून अधिक पाऊस कोसळला आणि डिसेंबर 2022 मध्ये पारा उणे 18 अंश सेल्सियसच्या आसपास उतरला. अशा एकेका रात्रीत पंचवीस वर्षांची मेहनत जाऊ शकते.

जुनी वस्तू आणि बाग यांच्यातला मोठा फरक इथेच आहे. इंग्लंडात एलेनॉर कोड या बाईंच्या कारखान्यात 1769 पासून भाजलेल्या मातीचा एक कृत्रिम दगड बनत असे. त्याच्या मूर्ती आणि कुंड्या अडीचशे वर्षे ऊनपाऊस सोसून आजही कोरीव रेघा टिकवून आहेत. अशी कुंडी दहा वर्षे अडगळीत पडली तरी पुसून पुन्हा मांडता येते. तिच्यात लावलेले रोप दहा दिवस विसरले तर संपले. म्हणून टिकाऊ वस्तूंच्या उलाढालीतला वाटा नाशवंताकडे वळवणे यात नुसती कल्पकता नाही, न्यायही आहे.

आता पैशाचा प्रश्न. मोठे देणगीदार बागेला पैसे देत नाहीत असे नाही, भरपूर देतात. मात्र देताना त्यांना काहीतरी दिसेल असे हवे असते. नवे प्रवेशद्वार, नवे काचगृह, नवा शिल्पमार्ग, आणि त्यावर नाव. यात वाईट काही नाही. जगभरच्या संस्था अशाच उभ्या राहिल्या. पण खुरपणीवर नाव कोणाचे लावणार? पाचोळा वेचण्याचे उद्घाटन कोण करणार? नवी वास्तू झाली की तिच्या देखभालीचा भार मात्र जुन्याच माळ्यांवर पडतो, आणि कित्येक संस्था देणग्या वाढत असतानाच आतून खंगत जातात.

मेळ्याचा पैसा वेगळ्या जातीचा आहे. अशा प्रदर्शनात वस्तू विकली गेली की तिची किंमत साधारणतः विक्रेत्याच्या गल्ल्यात जाते. बागेच्या वाट्याला येते ते जागेचे भाडे, प्रवेशाची तिकिटे, व्याख्यानांचे शुल्क, प्रायोजकांची रक्कम आणि उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळच्या मेजवानीतून उरलेला पैसा. यातल्या बहुतेक रकमेला नाव नसते. तिकीट काढून आत आलेली शाळामास्तरीण आपल्या तिकिटाच्या बदल्यात दगडी फलक मागत नाही. नाव नसलेला पैसा म्हणजे अट नसलेला पैसा, आणि तोच माळ्याच्या पगाराला, खताला, नळाच्या गळतीला, आजारी झाडाच्या छाटणीला उपयोगी पडतो. चीकवुडसारख्या जागेला मेळ्याने दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट ही मोकळीक आहे. तिच्याबरोबर येते ती माणसांची सवय. स्वयंसेवक महिनोन्‌महिने राबून हा मेळा भरवतात, आणि ज्यांनी बागेसाठी खपून काम केले त्यांचे डोळे मग वर्षभर बागेवर राहतात.

आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला म्हणजे ही श्रीमंतांची जत्रा आहे. आदल्या संध्याकाळची मेजवानी सामान्य माणसाच्या आवाक्यातली नसते, हे खरे. पण त्या मेजवानीचा पैसा ज्या बागेत जातो ती 1960 पासून सर्वांना खुली आहे, तेव्हा श्रीमंतांच्या हौसेवर लावलेला हा एक राजीखुशीचा कर आहे असे म्हणता येईल. न्यूयॉर्कमध्ये 1955 पासून भरणारा पुराणवस्तूंचा हिवाळी मेळा तर ब्राँक्सच्या गरीब वस्तीत काम करणाऱ्या ईस्ट साइड हाउस या संस्थेसाठी पैसा उभारत आला आहे. डेलावेअर राज्यात हेन्री फ्रान्सिस द्यु पाँ यांच्या विंटरथर या इस्टेटीच्या शैक्षणिक कामालाही असाच एक मेळा दरवर्षी हातभार लावतो. हा मार्ग जुना आहे, पारखलेला आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा. जुन्या वस्तूंचा बाजार स्वतःच धापा टाकतो आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या गडद लाकडी सामानाच्या किमती पार घसरल्या. तरुण जोडप्यांची घरे लहान, बदल्या वरचेवर, आजीचे भले थोरले कपाट ठेवणार कुठे? शिवाय खरेदी आता पडद्यावर होते. अशा बाजाराच्या खांद्यावर बागेचा सगळा भार टाकणे धोक्याचे आहे आणि तसा तो टाकूही नये. पण नॅशव्हिलच्या मेळ्यात जुन्या कपाटाला उभी बाग शेजारी मिळाली, हे इथे महत्त्वाचे आहे. लोक कुंड्या, बाकडी, डोणी पाहायला येतात. ज्या दगडी डोणीतून इंग्लंडातली गुरे पाणी पीत, तिच्यात आता डोंगरी फुले लावतात. धान्याच्या कोठारावर उंदीर चढू नयेत म्हणून खाली ठेवायचे छत्रीच्या आकाराचे दगड आज पायवाटेच्या कडेला बसवतात. महाराष्ट्रातल्या शेतघरांच्या अंगणात पुरलेली जाती आणि उखळे पाहिलेल्या माणसाला हे परके वाटणार नाही.

इकडचे चित्र कसे आहे? भारतात 1972च्या पुराणवस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. कायदा योग्यच आहे, त्यामुळे नॅशव्हिलचा मेळा उचलून पुण्यात मांडता येणार नाही आणि मांडूही नये. पण खुरपणीचा प्रश्न तोच आहे. मुंबईत भायखळ्याला राणीची बाग आणि डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय एकाच आवारात आहेत. संग्रहालयाच्या इमारतीसाठी 2003 मध्ये महापालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांचा करार झाला, उत्तम जीर्णोद्धार झाला आणि 2008 मध्ये ते पुन्हा उघडले. भिंतीपलीकडच्या गोरखचिंचेसाठी आणि तिच्या सोबतच्या जुन्या वृक्षांसाठी मात्र नागरिकांना मोहीम उभारावी लागली. इमारतीला पालक मिळतो, झाडाला आधी साक्षीदार गोळा करावे लागतात.

पुण्याचे एम्प्रेस गार्डन या बाबतीत अधिक जवळचे उदाहरण आहे. 1830 मध्ये स्थापन झालेली ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था ते सांभाळते आणि दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तिथे पुष्पप्रदर्शन भरते. पुणेकर रांगा लावून तिकीट काढतात. त्या रांगेतल्या प्रत्येकाला आपण नुसती फुले पाहायला आलो नसून कोणाची तरी मजुरी भरतो आहोत, हे कळायला हवे. तिकिटाच्या मागच्या कोऱ्या जागेवर एवढे छापायला खर्च येत नाही की या पैशातून गेल्या वर्षी किती माळी कामावर राहिले, किती जुन्या झाडांची निगा झाली.

मागणी यापेक्षा मोठी नाही. बागेच्या नावाने भरवलेल्या मेळ्याचे, प्रदर्शनाचे, जत्रेचे उत्पन्न आधी देखभालीला राखून ठेवावे आणि त्यातून उरले तरच नवे बांधकाम काढावे. हिशेब उघडा असावा. अमेरिकेत करमाफी घेणाऱ्या धर्मादाय संस्थेचे वार्षिक विवरणपत्र कोणीही मागून पाहू शकतो. महाराष्ट्रातले सार्वजनिक न्यासही धर्मादाय आयुक्तांना हिशेब देतात, तोच एका पानावर सोप्या मराठीत बागेच्या फाटकाला लावता येईल. आणि चांगल्या वर्षी मेळ्याने जास्त कमावले तर त्यातला हिस्सा कायमनिधीत जावा, म्हणजे पुढल्या पुराच्या किंवा रोगाच्या वर्षी कात्र्या थांबणार नाहीत.

नॅशव्हिलचा मेळा तीन दिवसांत उठतो. सभागृहातली झाडे पुन्हा ट्रकमध्ये चढतात, माती झाडून काढली जाते, न विकलेली कपाटे कांबळ्यांत गुंडाळली जातात. तिकडे चीकवुडच्या वाफ्यांत अजून काहीच दिसत नसते. लाखाहून अधिक ट्यूलिपचे कंद थंडी पडण्याआधी माळ्यांनी तिथे हाताने पुरून ठेवलेले असतात, आणि मार्चच्या अखेरीस ते वर येईपर्यंत त्यांच्यावरच्या पाचोळ्याकडे रोज कोणीतरी पाहत असते.